सासूबाईंचा चिवडा भोसरीत करून घ्यावा का?

या आठवड्याचं पत्र कर्वेनगरहून आलं आहे. थोडं आवरून देतो.

«सप्रेम नमस्कार. कर्वेनगरला आमचं किराणा आणि कोरड्या खाऊचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावर दुसरं काढलं. सासूबाई गेली ३० वर्षं पातळ पोह्यांचा चिवडा, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट करतात. हाताखाली दोन बायका आहेत. साध्या पिशवीत भरून वर दुकानाच्या नावाची चिठ्ठी लावतो. चिवडा आठवड्याला ४० किलो जातो. दिवाळीच्या महिन्यात मागणी ६०० किलोची असते, आमचे हात ३५० ला थकतात. भाजणी आठवड्याला २५ किलो, मेतकूट जेमतेम ५. चिवडा आम्हाला किलोला २४० रुपयांना पडतो, विकतो ३६० ने. सासूबाई आता ७१ वर्षांच्या आहेत, गुडघे बोलायला लागलेत.

दोन ठिकाणी विचारणा केली. भोसरीचा कारखानदार म्हणतो, आमच्याकडे २० पदार्थ तयार आहेत, तुमचं नाव घालून देतो. चिवडा २१० रुपये किलो, पॅकिंगसकट. प्रत्येक पदार्थ किमान १०० किलो, तीन आठवड्यांत माल दारात. ब्रँडचं रजिस्ट्रेशनही आम्हीच करून देतो, म्हणाला. शिरवळचा म्हणतो, तुमची कृती द्या, तशीच करून देतो. पॅकिंगसकट २२५, पण एका वेळी ५०० किलो, पाकिटांची छापील प्लॅस्टिक फिल्म किमान २०० किलो उचलायची आणि छपाईच्या सिलिंडरचे ३० हजार वेगळे. कच्चा माल आम्ही दिला तर नुसती मजुरी ३८ रुपये किलो. दीर म्हणतात, भोसरी घ्या, स्वस्तही आणि कटकटही नाही. सासूबाई म्हणतात, कृती मी कुणाला देणार नाही. मी दोघांच्या मध्ये उभी. काय करू?»

ताई, नमस्कार.

पत्रात आकडे लिहिलेत हे फार बरं केलंत. लोक मला «मार्जिन चांगलं आहे» एवढंच लिहितात आणि मग मी ज्योतिषासारखा अंदाज बांधत बसतो.

आधी हे दोन प्रस्ताव वेगळे करू, कारण दीर दोन्हीला एकच समजून किलोमागे १५ रुपयांचा हिशेब करतायत. भोसरीवाला देतोय त्याला व्यापारात प्रायव्हेट लेबल म्हणतात. माल त्याचा, कृती त्याची, पाकिटावर नाव तुमचं. शिरवळवाला देतोय ते कॉन्ट्रॅक्ट मॅन्युफॅक्चरिंग. कृती तुमची, कढई त्याची. आपल्याकडे दोन्हीला सरसकट «थर्ड पार्टी» म्हणतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो. लक्ष्मी रस्त्यावर तयार सदरा घेणं आणि शिंप्याकडे माप देणं यात जेवढा फरक, तेवढा यात आहे. शिंप्यातही दोन प्रकार असतात. एक कापडासकट शिवून देतो, दुसऱ्याकडे आपण कापड नेतो. तुमचे ३८ रुपये म्हणजे कापड नेण्याचा भाव, त्याला जॉबवर्क म्हणतात, आणि त्याचा कायदाही वेगळा. त्याकडे पुढे येतो.

तयार सदऱ्यात वाईट काही नाही. अमेरिकेतल्या कॉस्टको दुकानांनी १९९५ मध्ये कर्कलंड नावाचा स्वतःचा ब्रँड काढला. त्यांचे स्वतःचे कारखाने मोजके, बराचसा माल दुसऱ्यांकडून करून घेतलेला, आणि लोक त्या नावासाठी दुकानात जातात. आपल्या इथल्या वेस्टसाइडमध्ये कपडे बघा, जवळपास सगळी लेबलं त्यांची स्वतःचीच. तेव्हा दिरांना «हे मॉलवाल्यांचं फॅड आहे» असं म्हणून गप्प बसवू नका. त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. फक्त ते ज्या पदार्थाबद्दल बोलतायत, तो पदार्थ चुकलाय.

मी किरकोळ दुकानांच्या एका साखळीत २२ वर्षं खरेदी सांभाळली. सुरुवातीच्या काळात आम्ही एका कारखान्याचे टोस्ट आमच्या नावाने घेतले. पुडा देखणा केला, भाव बरा ठेवला, विक्रीही झकास. चौथ्या महिन्यात एक आजीबाई काउंटरवर आल्या आणि दोन पुडे शेजारी शेजारी ठेवले. एक आमचा, एक समोरच्या दुकानाचा. टोस्ट तेच, कडेला करपलेली रेघसुद्धा तीच. म्हणाल्या, «तुमचा आठ रुपयांनी महाग आहे. हे आठ रुपये कशाचे, तेवढं सांगा.» माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारखानदारावर रागावण्यात अर्थ नव्हता, त्याने फसवलं नव्हतं. माल त्याचा होता, तो कुणालाही विकणारच. आम्ही फक्त पुड्याचा कागद विकत होतो.

तुमच्याकडे लोक आठवड्याला ४० किलो चिवडा घेतात ते तुमच्या पिशवीसाठी नाही, ती तर साधीच आहे. तो चिवडा त्यांना दुसरीकडे मिळत नाही म्हणून येतात. भोसरीचा चिवडा चांगलाही असेल. पण तो त्याच पाकिटात, त्याच नावाने ठेवलात तर पहिल्या आठवड्यात कुणी काही बोलणार नाही, दुसऱ्या आठवड्यात «आजींनी हात बदलला का?» आणि महिनाभरात गिऱ्हाईक ४० वरून २० किलोवर. किलोमागे वाचलेले १५ रुपये कितीसे होतात? दिवाळीचा महिना सोडून ४८ आठवडे चाळीस किलोने १,९२० किलो, दिवाळीचे ६००, मिळून २,५२०. गुणिले १५, वर्षाला ३७,८०० रुपये. एवढ्या पैशात तुम्ही ३० वर्षांची चव विकताय. दिरांना हा आकडा दाखवा, वाद न घालता.

म्हणून चिवडा कॉन्ट्रॅक्टवर. पण शिरवळचा प्रस्ताव आहे तसा घेतलात तर तुम्ही बुडाल, हेही तितकंच खरं.

५०० किलोची बॅच म्हणजे आठवड्याला ४० च्या हिशेबाने साडेबारा आठवड्यांचा माल. तीन महिने पडून राहिलेला पातळ पोह्यांचा चिवडा तुम्ही सासूबाईंसमोर ताटलीत ठेवाल का? आणि फिल्मचं गणित तर कुणी करतच नाही. पाव किलोचं रिकामं पाकीट सात-आठ ग्रॅमचं धरा. किलोभर फिल्ममध्ये सव्वाशे ते दीडशे पाकिटं निघतात. २०० किलोत कमीत कमी २५ हजार. तुम्हाला आठवड्याला लागतात १६०. दिवाळी बाजूला ठेवली तर तीन वर्षांचं छापील प्लॅस्टिक तुमच्या माळ्यावर. मधल्या काळात काहीही बदलू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनी किंमत छापलेले रोल घेऊन बसलेल्यांची स्टिकर लावता लावता तारांबळ उडाली. तेव्हा सिलिंडरही नको आणि रोलही नको. कोरे स्टँडी पाऊच बाजारात तयार मिळतात, त्यावर छापील लेबल चिकटवा. हजार-दोन हजार लेबलं डिजिटल छपाईवर सहज होतात. दर पाकिटाला रुपया-दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. दोन वर्षांनी खप चौपट झाला की मग सिलिंडरचा विचार करा, आणि तेव्हा ते सिलिंडर तुमच्या मालकीचे आहेत असं कागदावर घ्या. नाहीतर कारखाना बदलायची वेळ येते आणि छपाईवाला म्हणतो, सिलिंडर त्यांच्या नावावर आहेत.

मग १५० किलोची बॅच कोण करून देईल? शिरवळचा मोठा कारखाना बहुधा नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे, १५० किलोसाठी त्याची कढई तापवणं परवडत नाही. तुम्ही नऱ्हे-धायरी भागात फिरा. तिथे लहान फरसाणवाले आहेत, ज्यांच्या कढया आठवड्यातले एक-दोन दिवस रिकाम्या असतात. तुमच्या सिंहगड रस्त्याच्या दुकानापासून ते जवळही पडतं. भाव २२५ नसेल, २४५-२५० सांगतील. इथे तुम्ही म्हणाल, मग घरीच २४० ला पडतोय, फायदा काय?

ताई, त्या २४० मध्ये सासूबाईंची मजुरी धरली आहे का? तुमची? घरच्या मागच्या खोलीचं भाडं? मला खात्री आहे, धरलेली नाही. आपल्याकडे घरच्या बाईचे तास हिशेबात कधीच येत नाहीत, म्हणून घरचा माल स्वस्त पडतो. खरा आकडा काढा, तो २४० च्या बराच वर जाईल. शिवाय दिवाळीत २५० किलो मागणी तुम्ही परत पाठवताय. २५० ला पडलेला चिवडा ३६० ला विकला तरी किलोमागे ११० सुटतात, म्हणजे एका महिन्यात २७,५०० रुपये. दिरांच्या ३७ हजारांच्या शेजारी हेही लिहून ठेवा.

आता कृतीचं. सासूबाई नाही म्हणतायत त्याला जुन्या माणसांचा हट्ट समजू नका. व्यापारी शहाणपणच आहे ते. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. जे काही संरक्षण आहे ते करारातून आणि विश्वासभंगाच्या तत्त्वातून. बरं, करारात तुम्ही लिहिलंत की «आमचं काम सुटल्यावरही असा चिवडा कधीच करायचा नाही», तर भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ आड येतं. एखाद्याला त्याचा धंदा करण्यापासून अडवणारा करार सर्वसाधारणपणे टिकत नाही. तुम्ही दिलेली माहिती गुप्त ठेवायची ही अट मात्र टिकते, ती जरूर घ्या. पण कोर्टकचेरी करून चिवडा वाचवणार आहात का?

मसाल्याच्या व्यापारातली युक्ती करा. कृतीचे दोन तुकडे करायचे. पोहे किती, कोणत्या मिलचे, तेल कोणतं, दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, कढईचा ताव, हे सगळं कारखानदाराला उघड सांगा, त्यात लपवण्यासारखं फार नसतं. मसाला मात्र घरून जायचा. हळद, तिखट, हिंग, पिठीसाखर, मीठ आणि सासूबाई आणखी जे काही घालत असतील ते, सगळं एकत्र दळून, बॅचच्या मापाची पुडी बांधून, वर फक्त नंबर. समजा किलो चिवड्याला ३० ग्रॅम मसाला लागतो. १५० किलोच्या बॅचला साडेचार किलो झाला. महिन्यातली एक सकाळ, बसल्या बसल्या करण्याचं काम, गुडघ्यांनाही त्रास नाही. आणि लेबलवर काय छापायचं? अन्न लेबलिंगच्या २०२० च्या नियमांत मसाल्यांची नावं एकेक करून न देता «मिश्र मसाले» असं वर्गनावाने लिहिण्याची मुभा आहे. शेंगदाणे, गहू अशा ॲलर्जीच्या गोष्टी मात्र स्पष्ट लिहाव्या लागतात. म्हणजे सासूबाईंचं गुपित कायद्यालाही सांगावं लागत नाही. हे त्यांना आवर्जून वाचून दाखवा.

भाजणीचा मार्ग वेगळा. भाजणीत सगळी करामत भाजण्यात असते, दळणारा कुणीही चालतो. तिथे जॉबवर्क करा. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून धान्य तुम्ही घ्या, मोठा भाजणीचा ड्रम आणि चक्की असलेला माणूस शोधा, त्याला मजुरी द्या. धान्य पाठवताना डिलिव्हरी चलन करा. जीएसटीत नोंदणी असेल तर जॉबवर्कसाठी कच्चा माल कर न भरता पाठवता येतो, फक्त तो वर्षाच्या आत परत यायला हवा. खाद्यपदार्थांच्या जॉबवर्कवर ५ टक्के कर आहे. घट किती धरायची ते आधी ठरवा आणि लिहा. शंभर किलो धान्य भाजून दळल्यावर हातात किती येतं, हे घरी दोनदा करून बघा, मग त्याच्याशी बोला. आणखी एक, माल तुमचा आणि मजुरी त्याची असली की कारखानदाराच्या बिलातून टीडीएस कापण्याचा प्रश्न येतो, माल त्याचाच असला तर ती साधी खरेदी ठरते. तुमची वर्षाची विक्री एक कोटीच्या वर असेल तर हे सीएला विचारून घ्या.

मेतकूट कुणाला देऊ नका. आठवड्याला पाच किलोसाठी करार, लेबल, बॅच नंबर? घरातच राहू द्या.

आता भोसरीवाला. त्याला अगदी परत पाठवू नका. तुमच्या दुकानात शेव, खारे दाणे, साधं फरसाण कुणाचं ठेवता? कुठल्या तरी कंपनीचं. त्यासाठी गिऱ्हाईक खास तुमच्याकडे येत नाही, चिवड्याबरोबर घेऊन जातं. तिथे भोसरीचा तयार माल तुमच्या नावाने ठेवायला माझी हरकत नाही, मार्जिनही बरं सुटेल. फक्त त्या पाकिटावर दुकानाचं नाव घाला, सासूबाईंचं नाव, फोटो, «आजींच्या हातचं» वगैरे काही नको. ते चिवडा आणि भाजणीपुरतं राखून ठेवा. सगळे २० पदार्थ घेऊ नका. दोन घ्या, तेही १०० किलो संपायला किती दिवस लागतील हे मोजून. आणि आधी आसपासच्या चार दुकानांत जाऊन बघा, तीच शेव कुणाच्या नावाने आहे का.

पण त्याची एक गोष्ट ऐकून मला घाम फुटला. «ब्रँडचं रजिस्ट्रेशन आम्हीच करून देतो.» कदापि नाही. तो भला माणूस असेल, मदत म्हणूनच म्हणत असेल. पण अर्ज ज्याच्या नावावर, कागदोपत्री नाव त्याचं. उद्या तुम्ही कारखाना बदलायला निघालात की तुमच्याच दुकानाच्या नावाचा चिवडा विकायला तो अडथळा आणू शकतो. ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन होतो, महाराष्ट्राचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे आहे. एका व्यक्तीच्या नावाने किंवा लहान उद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये फी आहे, नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. पोहे, पीठ, मसाले हे ३० व्या वर्गात येतात, खारे दाणे २९ मध्ये. आधी नाव मोकळं आहे का ते शोधा. पुण्यात आडनावावरून नाव ठेवलेली दुकानं इतकी आहेत की तुमच्यासारखंच नाव आधीच कुणीतरी घेतलेलं निघू शकतं. निघालं तर आत्ताच बदललेलं बरं. पाकिटं छापून झाल्यावर फार महागात पडतं.

आणि आता जी गोष्ट दोन्ही कारखानदार तुम्हाला सांगणार नाहीत ती. पाकिटावर तुमचं नाव आलं की तुम्ही नुसत्या दुकानदार राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये «उत्पादक» या शब्दाच्या व्याख्येत दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर स्वतःची खूण लावणाराही येतो. म्हणजे माल भोसरीचा असो की धायरीचा, गिऱ्हाईकाच्या दृष्टीने तो तुम्हीच केला. अन्न सुरक्षा कायदा, २००६ नुसार निकृष्ट मालासाठी ५ लाखांपर्यंत आणि चुकीच्या लेबलसाठी ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. «मी कुठे केला, मी तर फक्त विकला» हे उत्तर तेव्हा पुरत नाही. पाकिटावर ब्रँडमालक म्हणून तुमचं नाव, पत्ता आणि तुमचा परवाना क्रमांक लागतो, कारखाना वेगळा असेल तर त्याचाही क्रमांक लागतो. तुमच्याकडे सध्या दुकानापुरती नोंदणी असेल. घरी मसाला बांधणं हेही उत्पादनच आहे, तेव्हा फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीत योग्य प्रकार जोडून घ्या. सध्याची साधी पिशवी आणि चिठ्ठी हेही नियमात बसत नाही, बरं का. वजन, कमाल किंमत, ग्रॅममागचा किंवा किलोमागचा भाव, तारीख, तक्रारीसाठी फोन, हे वैधमापनशास्त्राच्या नियमांत पाहिजेच. आजवर कुणी विचारलं नाही एवढंच.

पाकिटावर धायरीच्या कारखान्याचं नाव दिसणार याची तुम्हाला लाज वाटेल कदाचित. वाटू देऊ नका. मात्र मग «घरगुती» हा शब्द छापू नका, तो खरा राहत नाही. «पारंपरिक», «अस्सल», «शुद्ध» या शब्दांनाही २०१८ च्या नियमांत अटी आहेत. चिवड्याला विशेषण लागतच नाही, कर्वेनगरात तरी.

कारखाना बघायला जाल तेव्हा दिवाणखान्यात बसून चहा पिऊ नका, थेट कढईपाशी जा. तळणीचं तेल किती वेळा वापरतात ते विचारा. तेलातले पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवलं की वाढतात ते, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. ते मोजायचं छोटं यंत्र असतं. ते आहे का, आणि असलं तर धूळ बसलेलं आहे का, तेही बघा. आणि एक खास आपल्याकडचा प्रश्न. पुढे तुम्ही उपवासाचा चिवडा काढाल, आषाढीला मागणी येईलच. त्याच कढईत, त्याच तेलात आधी बेसनाची शेव निघाली असेल तर तो उपवासाचा कसला? करारात «उपवासाच्या पदार्थांसाठी ताजं तेल, धुतलेली कढई, दिवसाची पहिली बॅच» असं स्पष्ट लिहा. इंग्रजी नमुना करार इंटरनेटवरून उतरवाल तर त्यात हे कलम सापडणार नाही.

करार फार मोठा नको. बॅच किती, भाव किती दिवस पक्का, तेल-पोह्यांचा भाव वाढला तर काय, माल नापास झाला तर कोण सोसणार, सोडायचं झालं तर किती दिवसांची सूचना. आणि मंजूर केलेल्या नमुन्याची दोन पाकिटं, सही करून, एक त्याच्याकडे एक तुमच्याकडे. पुढच्या प्रत्येक बॅचचं एकेक पाकीट बाजूला ठेवायचं. तक्रार आली की तेच फोडून बघायचं, नुसत्या आठवणीवर भांडायचं नाही.

पैसे मात्र वेळेवर द्या. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर केला तर त्या वर्षी आयकरात तो खर्च धरता येत नाही, पैसे देईपर्यंत. पण मी कायद्यासाठी म्हणत नाही. आमच्या साखळीत पैसे अडकवून ठेवणं हे खरेदी विभागाचं कौशल्य समजलं जाई. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कारखानदाराच्या दारात सहा टेम्पो उभे असत आणि आमचा सहावा असे. पुढचा टेम्पो एका साध्या दुकानदाराचा, त्याने मागच्याच आठवड्यात रोख दिलेले असत. लहान दुकानदाराला मोठ्यावर मात करायची एवढी एकच जागा मला माहीत आहे.

सुरुवात दिवाळीला करू नका. श्रावणात करा. पुण्याच्या दमट हवेत धायरीच्या कारखान्यात पोहे उन्हात घालता येणार नाहीत, तो ते ड्रायरमध्ये किंवा कढईत कोरडे करणार, आणि चव तिथेच बिघडते. पहिली बॅच २५ किलोची, दुप्पट मजुरी देऊन करा. चार पाकिटं फळीवर ठेवा, दर आठवड्याला एक फोडा. श्रावणात कुरकुरीत राहिला तर आश्विनात काळजी नाही.

राहिला प्रश्न सासूबाईंना कसं सांगायचं. कृती मागूच नका. «तुम्ही चिवडा करा, मी वजन करते», एवढंच म्हणा. त्या मूठ, चिमूट, अंदाज यावर करतात, त्यांनाही नक्की माप माहीत नसेल. डबा आधी वजन करायचा, घालून झाल्यावर पुन्हा, फरक लिहायचा. असं तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा आकडे थोडे वेगळे येतील, मधला धरा. आणि कारखान्यातून आलेली प्रत्येक बॅच त्यांनी चाखून «ठीक» म्हटल्याशिवाय दुकानात जाणार नाही, हे आधीच ठरवा. कारखानदारालाही सांगा. एकदा त्यांना कढईपाशी घेऊन जा, खुर्ची बरोबर न्या.

वजनकाटा एक ग्रॅम दाखवणारा घ्या. दुकानातला दहा ग्रॅमचा चालणार नाही, हिंग त्यावर उमटतच नाही.